मुरुमांचा आजार: तो समजून कसा घ्यावा आणि त्याचा उपचार कसा करावा

"हे वयाचेच आहे, आपोआप जाईल," असे सांगून मुरुमांचा विषय आपल्या घरांत संपवला जातो. ते अर्धे खरे आहे, कारण साधारण १२ ते २४ या वयात सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमी-अधिक मुरुमे येतातच आणि बहुतेकांची पुढे ओसरतात. उरलेले अर्धे असे की काहींच्या गालांवर कायमचे खड्डे राहून जातात, काहींची, विशेषतः स्त्रियांची, मुरुमे तिशी ओलांडली तरी चालू राहतात, आणि मोजून चारच मुरुमे असलेली एखादी मुलगी त्या चारांपायी गॅदरिंगचा दिवस घरी बसून काढते. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या गावांतील वाचक डोळ्यांसमोर ठेवून पुढील माहिती लिहिली आहे. हा आजार आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या गतीने चालतो, आपण मात्र त्याच्याशी दिवसांच्या हिशेबाने वागतो, आणि चेहऱ्याचे बरेचसे नुकसान याच घाईत होते, हे सुरुवातीलाच लक्षात घेतले तर पुढच्या सूचनांमागचे कारण कळणे सोपे जाईल.

त्वचेच्या आत काय चालते

केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते आणि तिने तयार केलेले तेल, ज्याला सीबम म्हणतात, केसाच्या नळीतून वर येऊन त्वचेवर पसरते. वयात येताना अँड्रोजन गटातील संप्रेरके वाढतात (ती मुलींच्या शरीरातही असतात) आणि त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी मोठ्या होऊन अधिक तेल बनवू लागतात. त्याच सुमारास नळीच्या आतील मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून बसतात आणि नळीचे तोंड बुजते. मागे साचलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू, जो निरोगी त्वचेवरही राहतोच, वाढीला लागतो, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला प्रत्युत्तर देऊ लागली की लाली, सूज, पू आणि ठणका सुरू होतो. जास्तीचे तेल, बुजलेले तोंड, जिवाणू आणि दाह अशा या चार गोष्टी आहेत. बहुतेक औषधे यांपैकी एकदोन गोष्टींवरच काम करतात, म्हणून डॉक्टर एकाच वेळी दोन औषधे लिहून देतात. त्यांतले एक स्वस्तातले किंवा कमी त्रासाचे निवडून दुसरे सोडून देणे बरोबर नाही.

नळी बुजू लागल्यापासून मुरूम डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. त्यामुळे सकाळी उठल्यावर दिसलेल्या मुरुमाचा ठपका आदल्या रात्रीच्या जेवणावर ठेवण्यात अर्थ नसतो. याच हिशेबाने, आज लावायला घेतलेले औषध मुख्यतः पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत येऊ घातलेल्या मुरुमांवर काम करते, आणि त्याचा गुण पाहायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात.

काळ्या टोकाच्या मुरुमांत मळ साचलेला असतो हा समज तर फारच पक्का आहे. तो काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्याचा आणि हवा लागून बदललेल्या तेलाचा असतो. साबणाने घासून तो जात नाही, उलट घासण्याने दाह वाढतो. "अंगात उष्णता वाढली", "रक्त बिघडले", "पोट साफ होत नाही" ही आपल्याकडची तीन ठरलेली निदाने आहेत आणि वर सांगितलेल्या घडामोडीत त्यांपैकी एकालाही जागा नाही. आनुवंशिकतेला मात्र मोठी जागा आहे. आई किंवा वडील यांच्या चेहऱ्यावर मुरुमांचे खड्डे असतील तर मुलाच्या मुरुमांकडे दुर्लक्ष न करता लवकर उपचार सुरू करावेत.

आधी स्वतःची त्वचा पाहून घ्यावी

चेहरा धुऊन, कोरडा करून, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ उभे राहून एकदा नीट पाहावे. नुसतीच पांढरी किंवा काळी बारीक टोके असतील तर आजार सौम्य आहे. लाल, दुखऱ्या पुळ्या आणि पिवळसर टोकाच्या पुटकुळ्या असतील तर तो मध्यम आहे. त्वचेखाली खोल, हाताला लागणाऱ्या, आठवडे-आठवडे न फुटणाऱ्या दुखऱ्या गाठी असतील, किंवा खड्डे पडायला सुरुवात झाली असेल, तर घरगुती प्रयोगांत एक दिवसही न घालवता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. पाठ, छाती आणि खांदे पाहायला विसरू नये. त्याच जागी त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि पुढचा फोटो महिन्याने काढावा. रोज आरशात जवळून पाहणाऱ्याला सुधारणा दिसत नाही आणि औषध सोडून देण्याचा मोह होतो.

यानंतर आपल्या कामाकडे आणि सवयींकडे पाहावे. कोल्हापुरात या प्रश्नाला स्वतंत्र महत्त्व आहे, कारण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यांत फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. लेथ किंवा इतर यंत्रांवर वापरले जाणारे कटिंग ऑइल त्वचेवर सतत राहिले की केसांची तोंडे बुजून मुरुमांसारखा त्रास होतो, आणि तो चेहऱ्यापेक्षा हातांच्या पुढच्या भागावर व मांड्यांवर अधिक दिसतो. मांड्यांवर का, तर तेलाने भिजलेली पँट दिवसभर अंगाला चिकटून राहते आणि हात पुसायच्या तेलकट चिंध्या खिशात कोंबलेल्या असतात. पाण्यात मिसळून वापरायच्या कुलंटपेक्षा निव्वळ तेलाने हा त्रास अधिक होतो. कामाचे कपडे रोज बदलावेत, ते घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत, चिंध्या खिशात ठेवू नयेत, एप्रन तेल न झिरपणारा असावा, आणि पाळी संपल्यावर कारखान्यातच साबणाने हातपाय धुऊन निघावे. रॉकेलने किंवा थिनरने अंगावरचे तेल काढण्याची पद्धत त्वचेला जाळते. ती बंद करावी. हा त्रास असलेल्या कामगाराने डॉक्टरांना आपले काम नेमके सांगावे, नाहीतर नेहमीच्या मुरुमांचे मलम मिळते आणि मूळ कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगावर चढते.

दुसरा मोठा गट तालमीतल्या आणि जिममधल्या मुलांचा. घाम, घर्षण आणि घट्ट ओले कपडे यांमुळे पाठीवरची व खांद्यांवरची मुरुमे वाढतात, त्यामुळे व्यायाम झाल्यावर लगेच अंघोळ करावी आणि लंगोट, बनियन रोज धुवावे. पैलवानाच्या अंगावरची प्रत्येक पुळी मुरूमच असते असे नाही. जोडीदाराच्या अंगाला अंग लागून पसरणारे जिवाणूंचे, नागिणीच्या जातकुळीतील विषाणूंचे आणि गजकर्णाचे संसर्ग कुस्तीत नेहमीचे आहेत. पाणी सुटणाऱ्या, मधासारखी खपली धरणाऱ्या किंवा एकाच जागी घोळक्याने आलेल्या फोडांना मुरूम समजून आखाड्यात उतरू नये. व्हे प्रोटीनच्या पावडरने काहींची मुरुमे वाढलेली आढळतात. शरीर लवकर भरावे म्हणून घेतली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने हा त्याहून गंभीर प्रकार आहे: त्यांतून पाठीवर व छातीवर खोल, पुवाळणारी, व्रण ठेवणारी मुरुमे येतात, आणि इंजेक्शन कोणी दिले हे लपवून डॉक्टरांकडून बरे करून घेता येत नाही.

केसांना चोपून तेल लावल्याने कपाळावर बारीक टोकांची रांग उठते. तेल लावायचेच तर रात्रभर न ठेवता केस धुण्याच्या आधी लावावे. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासत असेल तर त्याखाली मऊ, रोज धुता येईल असे कापड घ्यावे. हेल्मेट घालणे मात्र सोडू नये.

कपाळावर, छातीवर किंवा पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील आणि प्रतिजैविकांनी त्या वाढत असतील, तर मॅलॅसेझिया या बुरशीचा संशय घ्यावा. तिचा उपचार वेगळा आहे. क्षयरोगाची किंवा फिटची काही औषधे आणि तोंडाने घेतलेली स्टेरॉइड यांमुळेही मुरुमांसारख्या पुळ्या येतात. अशा वेळी औषध स्वतःहून बंद न करता ते देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडणे तर जिवावर बेतू शकते. मुलींच्या बाबतीत मुरुमे जबड्याच्या कडेने व हनुवटीवर असणे, पाळी दोन-दोन महिने लांबणे, ओठांवर व हनुवटीवर राठ केस येणे आणि वजन वाढणे या गोष्टी एकत्र दिसल्या तर पीसीओएसची (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी करून घ्यावी.

खाण्यापिण्याविषयी

तिखटाने मुरुमे येतात असे ठामपणे सांगता येईल असा पुरावा नाही. साखर आणि मैदा यांसारखे, रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केल्यावर काहींची मुरुमे कमी झाल्याचे मात्र अभ्यासांत दिसले आहे. मिसळीच्या बाबतीत बोट दाखवायचेच झाले तर ते कटाकडे न दाखवता सोबत मागवलेल्या ब्रेडच्या स्लाइसकडे आणि वरच्या थंड पेयाच्या बाटलीकडे दाखवावे लागेल. गूळ हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान असला तरी या हिशेबात तो साखरेहून फारसा वेगळा नाही. दूध आणि मुरुमे यांचा संबंधही अनेक पाहण्यांत आढळला आहे, साय काढलेल्या दुधाबाबत अधिक. तरीही दुधामुळेच मुरुमे येतात असे त्यातून सिद्ध होत नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभे राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या तरुणाला ते बंद करा असे सरसकट सांगणे मला योग्य वाटत नाही. ज्याला शंका असेल त्याने दोन-तीन महिने दूध कमी करून फोटो ताडून पाहावेत, फरक नसेल तर पुन्हा सुरू करावे. वाढीच्या वयातल्या मुलीचे दूध, अंडी, शेंगदाणे असे एकेक करून सगळेच तोडत नेणे हा प्रकार मुरुमांपेक्षा घातक आहे.

घरी सुरू करता येईल असा क्रम

चेहरा दिवसातून दोन वेळा आणि भरपूर घाम आल्यास आणखी एकदा, सौम्य फेसवॉशने आणि साध्या पाण्याने धुवावा. अंघोळीचा साबण बहुधा अल्कधर्मी असतो व त्याने चेहरा ताणल्यासारखा कोरडा पडतो. धुतल्यावर टॉवेलने टिपून घ्यावे, पुसून काढू नये. तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर असे की मुरुमांची बहुतेक औषधे त्वचा कोरडी करतात, कोरडेपणाने आग होते, आणि आग होते म्हणून माणूस औषध सोडतो. 'नॉन-कॉमेडोजेनिक' (केसांची तोंडे न बुजवणारे) असे लिहिलेले हलके जेल किंवा लोशन घ्यावे. सकाळी बाहेर पडताना निदान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे, कारण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरूम गेल्यानंतर राहणारा काळा डाग उन्हाने अधिक गडद होतो आणि अधिक काळ टिकतो.

सौम्य मुरुमांसाठी पहिले औषध म्हणून बेंझॉइल पेरॉक्साइडचे २.५ टक्क्यांचे जेल डॉक्टरांच्या किंवा निदान जाणत्या फार्मासिस्टच्या सल्ल्याने वापरता येते. जास्त टक्केवारीने गुण तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, आग मात्र वाढते. ते जिवाणू मारते आणि जिवाणू त्याला सरावत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की ते कापडाचा रंग उडवते. रंगीत टॉवेल, उशीचा अभ्रा आणि शाळेच्या गणवेशाची कॉलर यांवर पांढरे डाग पडून घरात वाद होण्याआधी पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वेगळा काढून ठेवावा.

बुजलेली तोंडे मोकळी करण्याचे काम ॲडापॅलिनसारखी रेटिनॉइड गटातील औषधे करतात. डॉक्टरांनी ०.१ टक्क्याचे ॲडापॅलिन दिले असेल तर रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढे जेल पाच ठिकाणी टिपक्यांनी घेऊन संपूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरावे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडावेत. नुसते मुरुमावर टेकवल्याने उपयोग होत नाही, कारण ते न दिसणाऱ्या, अजून तयार होत असलेल्या मुरुमांसाठी आहे. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र सोडून एक लावावे. या काळात साले निघणे, थोडी आग होणे, क्वचित मुरुमे वाढल्यासारखी वाटणे हे अपेक्षित असते आणि बरेच जण नेमके इथेच औषध सोडून "मला मानवले नाही" असे ठरवून मोकळे होतात. आग फार होत असेल तर आधी मॉइश्चरायझर लावून मग औषध लावावे. गर्भवतीने किंवा गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रीने रेटिनॉइड वापरू नये. तिच्यासाठी ॲझेलिक ॲसिडसारखे पर्याय आहेत.

लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा त्वचा जाळतात. मुलतानी माती, बेसन, चंदन यांचा लेप लावल्याने तेवढ्यापुरते तेल टिपले जाते, त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये आणि वाळलेला लेप खरवडून काढू नये. मुरूम फोडणे हा सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे, कारण बोटांच्या दाबाने पू बाहेर येतो तितकाच आतही फुटतो आणि खड्डा पडण्याची शक्यता वाढते. हात नकळत चेहऱ्याकडे जात असेल तर नखे कापून ठेवावीत आणि त्या मुरुमावर हायड्रोकोलॉइडची (ओल शोषून घेणारी) बारीक पट्टी लावावी, म्हणजे बोटाला कुरतडायला काही सापडत नाही.

ज्या मलमाने सर्वाधिक घात केला आहे

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर वाचायला शिकावे. ही दाह दाबणारी स्टेरॉइड आहेत. एक्झिमासारख्या आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती उत्तम औषधे आहेत, पण मुरुमांवर किंवा रंग उजळावा म्हणून चेहऱ्यावर लावल्यास दोन-चार दिवसांत लाली ओसरते, चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि शेजारीण, मैत्रीण, पार्लरवाली यांच्यामार्फत त्या ट्यूबची ख्याती गल्लीभर होते. पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते, एकाच मापाच्या पुळ्यांचे नवे पीक उठते, आणि मलम थांबवले की आग व लाली इतकी वाढते की माणूस पुन्हा तीच ट्यूब आणायला जातो. स्टेरॉइडमध्ये प्रतिजैविक आणि बुरशीनाशक मिसळलेली, किंवा हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन मिसळलेली मलमेही याच वर्गात येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी मागणारा आग्रह धरतो तोवर ती या ना त्या वाटेने मिळत राहतात. ट्यूबवर 'आरएक्स' अशी खूण आणि लाल रेघ असेल तर ती वस्तू प्रसाधन नाही, औषध आहे, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. आधीच बरेच दिवस असे मलम लावले गेले असेल तर ते एकदम बंद करून सहन करीत बसू नये. ती ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, ते टप्प्याटप्प्याने सोडवतात.

डॉक्टरांकडे जाताना

तीन महिने नीट उपचार करूनही फरक नसेल, गाठी किंवा व्रण असतील, किंवा मुरुमे थोडी असूनही मनाला फार लागत असतील, तर जावे. शेवटचे कारण पहिल्या दोन कारणांइतकेच पुरेसे आहे. पाटीवर त्वचारोगातील एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल यांपैकी पदवी किंवा पदविका आहे का हे पाहावे. 'स्किन क्लिनिक' असे नाव कोणालाही देता येते. खासगी खर्च झेपत नसेल तर छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, त्वचारोग विभागाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, गोळ्यांची पाकिटे आणि महिन्या-महिन्याचे फोटो बरोबर न्यावेत, पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात, आणि चेहऱ्यावर पावडर किंवा फाउंडेशन लावून जाऊ नये.

क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक जेल एकटे वापरल्यास जिवाणू त्याला सरावतात, म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने देतात. मध्यम आजारात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण तीन महिने दिल्या जातात. ही गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. दूध, लोहाची गोळी आणि ॲसिडिटीची औषधे तिच्या वेळेपासून दूर ठेवावीत, कारण त्यांच्यामुळे ती कमी शोषली जाते. तिने ऊनही अधिक बाधते.

गंभीर आणि व्रण ठेवणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध आहे. अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये मान्यता मिळाली. तेल, बुजलेली तोंडे, जिवाणू आणि दाह या चारही गोष्टींवर त्याचा परिणाम होतो आणि अनेक महिन्यांच्या पूर्ण मात्रेनंतर बऱ्याच जणांची मुरुमे कायमची थांबतात. जेवणाबरोबर घेतल्यास ते नीट शोषले जाते. ओठ फुटणे जवळजवळ प्रत्येकाला होते. यकृताच्या आणि चरबीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात. गर्भावर त्याचा अत्यंत गंभीर दुष्परिणाम होतो, म्हणून उपचाराआधी एक महिना, उपचार चालू असताना आणि नंतर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. लग्न ठरलेल्या मुलीने हे डॉक्टरांना न लाजता सांगावे, आणि आईने तो प्रश्न ऐकून डॉक्टरांवर रागावू नये. याच काळात रक्तदान करू नये, आणि वॅक्सिंगने त्वचा सोलली जाते म्हणून तेही टाळावे. मनःस्थितीत ठळक बदल जाणवल्यास लगेच कळवावे. मोठ्या पाहण्यांत या औषधाचा आणि नैराश्याचा थेट संबंध पक्का झालेला नाही, तरी एखाद्या रुग्णाबाबत सावध राहणे योग्यच आहे.

आयुष्यावर पडणारा भार कसा ओळखावा

मुरुमांची संख्या आणि मनावरचा भार यांचे प्रमाण जुळत नाही. म्हणून वेल्समधील कार्डिफ येथील त्वचारोगतज्ज्ञांनी पाच प्रश्नांची एक छोटी मोजपट्टी तयार केली, जिच्यात प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असून एकूण १५ होतात. तिचा आशय आपल्या भाषेत असा सांगता येईल: गेल्या महिन्यात मुरुमांमुळे चिडचीड किंवा लाज किती वाटली, लोकांत मिसळणे किती अडले, चारचौघांत कपडे बदलणे किंवा उघड्या अंगाने वावरणे किती टाळले, दिसण्याविषयी मन किती खट्टू राहिले, आणि सध्याची मुरुमे स्वतःला किती वाईट वाटतात. तिसरा प्रश्न आपल्याला परका वाटेल, पण पाठीवर मुरुमे असल्यामुळे तालमीला जाणे सोडलेला मुलगा किंवा पोहायला न उतरणारा मुलगा घरात असेल तर त्याचे उत्तर तोच देईल. मुलांना याचे काही वाटत नाही असे धरून चालणे ही आपली मोठी चूक आहे. ते बोलत नाहीत, एवढेच.

पालकांनी शब्दांपेक्षा वागण्यातील बदल पाहावेत. फोटो काढताना मागे सरकणे, केस किंवा रुमाल सतत गालावर ओढणे, लग्नकार्याला यायला नकार देणे, वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसणे, आरशासमोर तासन्‌तास उभे राहणे किंवा आरसाच टाळणे या खुणा आहेत. "अगं, काय झालंय तुझ्या तोंडाला?" हा प्रश्न आपल्याकडे काळजीपोटी विचारला जातो, पण ज्या मुलीने तो हळदीकुंकवाच्या एका संध्याकाळी सहा जणींकडून ऐकला आहे तिच्या दृष्टीने त्या काळजीला काही किंमत उरत नाही. पाहुण्यांपैकी कोणी तो विचारलाच तर आईने विषय तिथेच बदलावा. घरी बोलताना मुरुमांपासून सुरुवात न करता "तू हल्ली रंकाळ्यावर मैत्रिणींबरोबर जात नाहीस, काही अडतंय का?" असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. "याहून मोठी दुःखं असतात लोकांना" हे वाक्य टाळावे. ते खरे असले तरी त्याने मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

लग्नाच्या बोलण्यांत चेहऱ्यावरच्या डागांची चर्चा होते हे वास्तव आहे, आणि त्याच धास्तीने घरचे लोक स्थळ येण्याआधी महिनाभर काहीतरी झटपट करू पाहतात. वर सांगितलेली स्टेरॉइडची ट्यूब नेमकी अशाच वेळी घरात शिरते.

झोप, भूक आणि अभ्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असतील, किंवा जगणे नकोसे वाटते असे मूल बोलले असेल, तर मुरुमे बरी होण्याची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या शासकीय मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. अशा वेळी त्वचेचा उपचारही सोडू नये, कारण मुरुमे आटोक्यात आल्यावर मनाचा भार हलका होतो असाही अनुभव आहे.

डाग आणि खड्डे

सपाट काळा किंवा तपकिरी डाग आणि खड्डा यांत फरक करावा. डागात त्वचेची पातळी बदललेली नसते; तो सनस्क्रीन, रेटिनॉइड किंवा ॲझेलिक ॲसिडने काही महिन्यांत फिका पडतो. खड्डा म्हणजे आतल्या थराचे नुकसान असते आणि कुठल्याही मलमाने तो भरत नाही. अरुंद खोल खड्ड्यांसाठी टीसीए या आम्लाचा नेमका थेंब, त्वचेला आतून ओढून धरणाऱ्या तंतूंसाठी सुईने ते सोडवण्याची सबसिजन ही पद्धत, उथळ खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणे) किंवा लेझर असे उपाय आहेत आणि बहुधा त्यांतले दोन-तीन मिळून करावे लागतात. खड्डे पुष्कळ कमी होतात, पूर्ण नाहीसे होतील असे आश्वासन कोणी देत असेल तर पैसे भरण्याआधी थांबावे. आपल्या त्वचेवर चुकीच्या मात्रेच्या लेझरने किंवा पीलने (रसायनाने वरचा थर सोलण्याने) नवे काळे डाग पडतात, म्हणून हे काम पार्लरमध्ये करून घेऊ नये. जबडा, छाती व खांदे या जागी व्रण जाड होऊन वाढण्याची, म्हणजे कीलॉइडची, प्रवृत्ती असल्यास ती आधीच सांगावी.

खड्ड्यांवरचे उपचार नवी मुरुमे येणे थांबल्यावरच सुरू करावेत. मुरुमे गेल्यावरही ॲडापॅलिन डॉक्टर सांगतील तितका काळ चालू ठेवावे लागते, नाहीतर बुजण्याची क्रिया पुन्हा सुरू होते. समारंभाची तारीख ठरली असेल तर या सगळ्याचा हिशेब उलटा मांडून निदान सहा महिने आधी डॉक्टरांना भेटावे, आणि शेवटच्या पंधरवड्यात कोणतेही नवे क्रीम, फेशियल किंवा पील चेहऱ्यावर करून पाहू नये.